बिवा सरोवरातील बास मासा : गळाची हौस, जाळ्याचा तोटा आणि भातखाचराची मदत

जपानच्या शिगा प्रांतातील बिवा हे त्या देशातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर असून कमाल खोली सुमारे १०४ मीटर आहे. गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी मंडळींना मात्र ते वेगळ्याच कारणाने परिचित आहे. २ जुलै २००९ रोजी येथे १० किलोहून थोड्या अधिक वजनाचा लार्जमाउथ बास गळाला लागला आणि १९३२ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात नोंदविल्या गेलेल्या जागतिक विक्रमाची बरोबरी झाली. हा मासा बिवाचा मूळ रहिवासी नाही. परक्या पाण्यात तो इतका पोसला जावा, ही बाब मत्स्यव्यवसायाच्या दृष्टीने अभिमानाची नसून चिंतेची आहे.

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. १९२५ साली एका जपानी उद्योजकाने तो आणून अशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला आणि १९७४ मध्ये बिवात प्रथम आढळला. १९८० च्या दशकात त्याची संख्या झपाट्याने वाढली. गळाला लागल्यावर तो जोरदार झुंज देतो, पाण्याबाहेर उसळी घेतो. त्यामुळे शौकिनांना तो प्रिय आहे. त्यांच्यामुळे सरोवराकाठी नौका, निवास आणि साहित्यविक्री यांचा एक व्यवसायही उभा राहिला.

या माशाचे यश त्याच्या जीवनक्रमात दडलेले आहे. वसंतात पाणी उबदार होऊ लागले की नर काठालगतच्या उथळ, वाळू-खड्यांच्या तळावर शेपटीने खळगा करतो. मादीने अंडी घातल्यावर तोच त्यांची व नंतर पिलांची राखण करतो. ज्या देशी माशांची अंडी वनस्पतींना चिकटून उघड्यावर राहतात, त्यांना असे संरक्षण नसते. शिवाय बास दडून बसून शिकार करणारा आहे. वेताची बेटे, पाणवनस्पती, बुडालेले ओंडके या त्याच्या आवडीच्या जागा. आणि देशी माशांची पिले वाढतात तीही नेमकी तेथेच.

याचा सर्वाधिक फटका निगोरोबुना आणि होनमोरोको या दोन स्थानिक माशांना बसला. निगोरोबुना हा कार्प कुळातील मासा केवळ बिवाच्या परिसरातलाच. मीठ आणि शिजवलेला भात यांत तो कित्येक महिने आंबवून ‘फुनाझुशी’ हा पारंपरिक पदार्थ केला जातो. मासा दुर्मिळ झाला तसा हा पदार्थ महागला आणि सामान्य घरांतून दूर गेला.

तथापि, सारा दोष बासच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. काठची पाणथळ भूमी भराव घालून शेतीखाली आणली गेली, वेताची बेटे आक्रसली. १९९२ पासून पूरनियंत्रणासाठी पावसाळ्याच्या तोंडावर सरोवराची पातळी उतरवली जाऊ लागली, त्यामुळे काठच्या वनस्पतींवरील अंडी कोरडी पडू लागली. ब्लूगिल हा आणखी एक अमेरिकी मासाही अंडी व पिले खातो. १९६० साली तत्कालीन युवराज अकिहितो यांना तो शिकागोच्या महापौरांकडून भेट मिळाला होता. स्वतः गोबी माशांचे अभ्यासक असलेल्या अकिहितो यांनी २००७ मध्ये, सम्राट असताना, त्याच्या प्रसाराबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

शिगा प्रांताने एप्रिल २००३ पासून पकडलेला बास वा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई केली. मासा पकडून सोडून देणे हाच ज्या खेळाचा शिष्टाचार, त्याच्या शौकिनांना हे रुचले नाही आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. काठावर पकडलेले मासे टाकण्यासाठी पेट्या ठेवल्या गेल्या, मच्छीमारांकडून जाळ्यांनी व विजेच्या धक्क्याच्या नौकांनी बास काढण्यात येऊ लागला. २००५ साली राष्ट्रीय कायद्यानेही हा मासा जिवंत बाळगणे, वाहून नेणे व सोडणे यांवर बंदी आली. संख्या घटली, पण बास नाहीसा झालेला नाही. एवढ्या विस्तृत जलाशयातून स्थिरावलेला मासा समूळ काढणे जवळजवळ अशक्य असते.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे तो शेतकऱ्यांचा उपाय. पूर्वी निगोरोबुना पावसाळ्यात चरांतून थेट भातखाचरांत चढून अंडी घालीत असे. खाचरांची बांधबंदिस्ती सुधारली तसे निचऱ्याचे चर खोल झाले आणि ही वाट तुटली. आता काही गावांत चरांमध्ये फळ्या बसवून पाणी पायरीपायरीने उंच केले जाते, म्हणजे मासा वर चढू शकतो. खाचरात पिलांना सूक्ष्म प्राण्यांचे मुबलक खाद्य मिळते आणि बासचे भय नसते. पीक वाढीच्या मधल्या टप्प्यात खाचर सुकवताना पिले पाण्याबरोबर सरोवरात उतरतात. तणनाशक माशांना कमी अपायकारक असेल तेच वापरावे लागते. अशा खाचरांतील तांदूळ ‘माशांचा पाळणा’ या ओळखीने विकला जातो. सरोवर आणि शेती यांना जोडणाऱ्या या व्यवस्थेला २०२२ मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता मिळाली.

भारतात बासचा प्रश्न नसला, तरी परक्या माशांचा आहे. १९७१ च्या सुमारास हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात पुरामुळे मत्स्यप्रक्षेत्रातून निसटलेला सिल्व्हर कार्प तेथे रुजला आणि कटला मागे पडला. उत्पादन वाढले हे खरे. पण ही निवड कुणी विचारपूर्वक केलेली नव्हती. थाई मागूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मागुरावर आपल्याकडे बंदी असूनही त्याचे बीज गुपचूप फिरते. म्हणून शेततळ्यासाठी बोटुकली घेताना विक्रेत्याकडून जातीची लेखी नोंद घ्यावी, सांडव्याला बारीक जाळी लावावी आणि पूररेषेच्या आत तळे खोदू नये. जाळ्यात अनोळखी मासा सापडल्यास तो पुन्हा पाण्यात किंवा शेजारच्या तळ्यात सोडू नये. छायाचित्र काढून जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे.