मलबार पॉइंटची खुर्ची: राज्यपालांच्या वारसाक्रमाविषयीचे गैरसमज

१५ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर कोण होते, असं विचारलं तर चांगल्या वाचत्या माणसाच्या तोंडीही एखादं भारतीय नाव येतं. खरं उत्तर आहे सर जॉन कॉलव्हिल. ब्रिटनच्या मंत्रिमंडळात स्कॉटलंडचं खातं सांभाळलेले हे गृहस्थ १९४३ पासून मुंबईच्या गव्हर्नरपदावर होते. मध्यरात्री देश स्वतंत्र झाला, बाळासाहेब खेरांचं प्रांतिक मंत्रिमंडळ होतं तसंच राहिलं आणि मलबार पॉइंटवरच्या गव्हर्नरांच्या बंगल्यात कॉलव्हिलही राहिले. ते गेले जानेवारी १९४८ मध्ये. मद्रासला सर आर्चिबाल्ड नाय तर सप्टेंबर १९४८ पर्यंत होते. त्यानंतर हेच नाय ब्रिटनचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत आले. काल भारतातल्या एका प्रांताचा प्रमुख, आज परक्या देशाचा वकील, असा हा बदल होता.

तेव्हा ‘इंग्रज गेले आणि एका रात्रीत सगळे गव्हर्नर बदलले’ ही समजूत चुकीची आहे. पण तिच्या अगदी उलट टोकाची एक समजूत आहे आणि ती जास्त नुकसान करते. ती म्हणते, गोरे गव्हर्नर तसेच बसून राहिले, म्हणजे पद इंग्रजांचं, अधिकार इंग्रजांचे, आपण फक्त नाव बदलून ‘राज्यपाल’ केलं.

यातला फरक समजायला १९३५ चा भारत सरकार कायदा आठवावा लागतो. त्या कायद्यात गव्हर्नरला ‘स्वविवेक’ आणि ‘विशेष जबाबदाऱ्या’ या नावाखाली मोठी सत्ता दिलेली होती. नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर १९४६ पर्यंत मुंबईचा कारभार त्या कायद्याच्या कलम ९३ खाली गव्हर्नरने चालवला, तो याच बळावर. स्वातंत्र्याच्या वेळी तोच कायदा तात्पुरती घटना म्हणून वापरात ठेवला गेला, पण भारताने त्यातून स्वविवेकाचे शब्द काढून टाकले. त्यामुळे ऑगस्टनंतरचे कॉलव्हिल आणि ऑगस्टआधीचे कॉलव्हिल, माणूस एक असला तरी, कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे गव्हर्नर होते.

माणूस कोणत्या देशाचा आहे यापेक्षा त्याला कोणत्या नियमांनी बांधलं आहे हे महत्त्वाचं, याची साक्ष शेजारीच मिळते. पाकिस्तानच्या चार प्रांतांपैकी तीन प्रांतांचे पहिले गव्हर्नर ब्रिटिश होते. त्यातल्या वायव्य सरहद्द प्रांतात सर जॉर्ज कनिंगहॅम होते आणि २२ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला आठवडाच होत असताना, तिथलं डॉ. खानसाहेबांचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ बडतर्फ झालं. बडतर्फी कनिंगहॅम यांच्या हातून झाली, आदेश मात्र गव्हर्नर जनरल जिनांचा होता.

‘स्वातंत्र्यानंतर प्रथमच भारतीय माणूस गव्हर्नर झाला’ हेही बरोबर नाही. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, म्हणजे लॉर्ड सिन्हा, १९२० च्या डिसेंबरातच बिहार आणि ओरिसाचे गव्हर्नर झाले होते. मुंबईपुरतं पाहिलं तर कायमचे पहिले भारतीय गव्हर्नर राजा महाराज सिंह. ते कपूरथळ्याच्या राजघराण्यातले, राजकुमारी अमृत कौर यांचे बंधू. त्याच सुमारास बापूजी अणे, आपले वणीचे लोकनायक, बिहारचे गव्हर्नर झाले. आणि उत्तर प्रदेशात, तेव्हाच्या संयुक्त प्रांतात, सरोजिनी नायडू आल्या त्या खरं तर हंगामी म्हणून. नाव डॉ. बिधनचंद्र रॉय यांचं ठरलं होतं, ते परदेशात होते. रॉय यांनी पुढे ते पद घेतलं नाही आणि हंगामी आलेल्या सरोजिनीबाई २ मार्च १९४९ रोजी लखनौला निधन होईपर्यंत त्या पदावर राहिल्या.

आता महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या यादीकडे वळू. ही यादी वरपासून खालपर्यंत वाचली की वाटतं, एका माणसामागून दुसरा, असा एकच धागा आहे. तसं नाही. १९५० ते १९५६ या काळात आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर तीन वेगवेगळे प्रमुख होते. पुण्या-मुंबईकरांचा राज्यपाल मुंबईत बसे. नागपूर-अकोल्याचा, म्हणजे विदर्भाचा, राज्यपाल हा मध्य प्रदेशाचा राज्यपाल होता आणि त्याचं निवासस्थान नागपुरात होतं. आणि मराठवाड्यावर राज्यपाल नव्हताच. तिथे होते ‘राजप्रमुख’, आणि ते होते साक्षात मीर उस्मान अली खान, सातवे निजाम! ज्यांच्या राजवटीविरुद्ध मराठवाडा लढला, १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, तेच निजाम २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत भारतीय घटनेनुसार हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. मुक्तिसंग्राम अभिमानाने सांगताना ही जवळजवळ सात वर्षांची गोष्ट अनेकदा गाळली जाते. ती सांगायला हवी, कारण नवा देश जुन्या सत्ताधीशांना हळूहळू बाजूला कसा सारत होता हे तिच्यातूनच कळतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, राजप्रमुखपद संपलं, विदर्भ आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले. आणि नेमकं त्या दिवशी मुंबईला पूर्णवेळ राज्यपाल नव्हता! हरेकृष्ण महताब हे राज्यपालपद सोडून ओरिसाचे मुख्यमंत्री व्हायला गेले होते. खुर्ची सांभाळत होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला, ऑक्टोबरच्या मध्यापासून १० डिसेंबरपर्यंत.

छागला तिथे का होते? उपराष्ट्रपती असतो तसा ‘उपराज्यपाल’ असेल आणि राज्यपाल गेला की तो आपोआप वर येत असेल, असं पुष्कळांना वाटतं. घटनेत राज्यांसाठी असं पदच नाही. दिल्ली किंवा पुदुच्चेरीचे नायब राज्यपाल हे केंद्रशासित प्रदेशाचे प्रमुख असतात, ते कुणाचे दुय्यम नव्हेत. गोव्यातही १९६१ च्या मुक्तीनंतर आधी मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर होते, मग १९६२ पासून नायब राज्यपाल आले, आणि ३० मे १९८७ रोजी राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा गोपाल सिंग हे नायब राज्यपाल होते तेच पहिले राज्यपाल झाले. राज्यात मात्र राज्यपालाची जागा अचानक रिकामी झाली तर काय करायचं, हे ठरवायची मोकळीक कलम १६० ने राष्ट्रपतींना दिली आहे. मग कधी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती काम पाहतात, कधी शेजारच्या राज्याचे राज्यपाल अतिरिक्त कार्यभार घेतात. मुंबईला ही वेळ वरचेवर आली आहे, कारण या पदावर असताना चौघांचं निधन झालं: १९५४ मध्ये गिरिजा शंकर बाजपेयी, १९६२ मध्ये पी. सुब्बरायन, १९६९ मध्ये पी. व्ही. चेरियन आणि १९७६ मध्ये अली यावर जंग.

छागलांनंतर श्रीप्रकाश आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा तेच पुढे चालू राहिले आणि महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल ठरले. गुजरातला मेहदी नवाझ जंग गेले. श्रीप्रकाश यांची आधीची एक कामगिरी इथे सांगायलाच हवी, कारण ‘राज्यपालांवरचे वाद ही अलीकडची गोष्ट आहे, पूर्वी सगळं सोज्वळ होतं’ असं म्हणणाऱ्यांना ती उत्तर देते. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मद्रास विधानसभेच्या ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ मिळाल्या, बहुमत नव्हतं. तेव्हा तिथे राज्यपाल असलेल्या श्रीप्रकाश यांनी काँग्रेसच्या राजाजींना, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींना, सरकार बनवायला बोलावलं. राजाजी निवडणूक लढलेलेच नव्हते, त्यांची विधान परिषदेवर नेमणूक करण्यात आली. विरोधकांनी तेव्हाही हेच विचारलं होतं, जे आज विचारलं जातं: राज्यपाल कुणाच्या बाजूचे?

या प्रश्नाचं मूळ नेमणुकीच्या पद्धतीत आहे. आणि इथे सर्वांत मोठा गैरसमज दडला आहे. केंद्राने राज्यपाल नेमायचा ही पद्धत इंग्रजांकडून जशीच्या तशी आली, आपल्या लोकांनी त्यावर विचारच केला नाही, असं सर्रास म्हटलं जातं. वस्तुस्थिती अशी की १९४७ च्या जुलैत सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या प्रांतिक घटना समितीने राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट निवडावा असं सुचवलं होतं आणि घटना समितीने ते मान्यही केलं होतं. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय छापले गेले: एक थेट निवडणुकीचा, दुसरा विधिमंडळाने चार नावं निवडून द्यायची आणि राष्ट्रपतींनी त्यातलं एक घ्यायचं, असा. मे १९४९ च्या अखेरीस हे दोन्ही बाजूला पडले आणि राष्ट्रपतींनी थेट नेमणूक करायची हे ठरलं. कारणं उघड मांडली गेली. मुख्यमंत्री लोकांनी निवडलेला आणि राज्यपालही लोकांनी निवडलेला, तर एका राज्यात दोन तलवारी होतील. शिवाय फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, देश एकत्र ठेवायची चिंता होती. नेहरूंनी नेमणुकीची बाजू घेतली. आंबेडकरांचं म्हणणं असं की राज्यपालाने नामधारीच राहायचं असेल, तर त्याची निवडणूक घेऊन खर्च आणि त्रास कशाला? हा निर्णय योग्य की अयोग्य यावर वाद घालता येतो, घालावाही. पण तो आपण घेतलेला निर्णय आहे. इंग्रजांच्या माथी मारून त्यातून सुटका नाही.

निवडून दिलेल्या प्रमुखाचा प्रयोग एका राज्यात झालाही. जम्मू-काश्मीरमध्ये १९५२ पासून ‘सद्र-ए-रियासत’ विधानसभा निवडत असे. त्या पदावर करणसिंह होते. १९६५ मध्ये ते पद गेलं आणि तेच करणसिंह नेमलेले राज्यपाल झाले.

‘राज्यपाल बाहेरच्याच राज्याचा असावा लागतो’ ही अटही घटनेत नाही. कलम १५७ मध्ये दोनच पात्रता आहेत: भारताचं नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षं पूर्ण. बाहेरचा माणूस ही प्रथा आहे, चांगली आहे, पण प्रथाच. म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार आपल्याच राज्यात आधी राजप्रमुख आणि मग १९५६ ते १९६४ राज्यपाल होते. पश्चिम बंगालला हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालीच राज्यपाल लाभले.

शपथविधी जवळून पाहिला तर या पदाचा दुहेरीपणा डोळ्यांसमोर येतो. आधी राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याचं नियुक्तीपत्र वाचलं जातं, म्हणजे दिल्लीचा कागद. मग राज्यपालांना उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती शपथ देतात, म्हणजे राज्यातला न्यायाधीश. आणि शपथेचे शब्द मंत्र्यांच्या शपथेसारखे नसतात. मंत्री घटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घेतो. राज्यपाल घटनेचं आणि कायद्याचं जतन, संरक्षण, प्रतिरक्षण करण्याची आणि त्या राज्यातल्या जनतेच्या सेवेला वाहून घेण्याची. जनतेच्या सेवेची शपथ राज्यात आणि नोकरीची दोरी दिल्लीत, हे या पदाचं खरं दुखणं आहे.

ती दोरी म्हणजे कलम १५६. ‘राज्यपाल पाच वर्षांसाठी असतो’ असं आपण शाळेत पाठ करतो. पण कलमाची पहिली ओळ वेगळंच सांगते: राष्ट्रपतींची मर्जी असेतोपर्यंत. पाच वर्षं ही त्या मर्जीच्या आतली गोष्ट आहे, आणि पाच वर्षं संपली तरी नवा राज्यपाल येईपर्यंत जुनाच पदावर राहतो. म्हणूनच पी. सी. अलेक्झांडर १९९३ ते २००२ अशी नऊ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे राज्यपाल राहिले.

मर्जी गेली की काय होतं, याचं उदाहरण राजस्थानच्या रघुकुल तिलक यांचं. त्यांच्या नेमणुकीला आव्हान मिळालं तेव्हा १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितलं की राज्यपाल हा केंद्र सरकारचा नोकर नाही, ते स्वतंत्र घटनात्मक पद आहे. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच तिलक यांना पदावरून दूर करण्यात आलं. पुढे केंद्रात सरकार बदललं की राज्यपाल बदलायचे हा रिवाजच पडला. २००४ च्या जुलैत उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा या चार राज्यांचे राज्यपाल एकदम हटवले गेले. त्यावरच्या बी. पी. सिंघल खटल्यात ७ मे २०१० रोजी घटनापीठाने निकाल दिला: कारण सांगण्याचं बंधन नाही, पण मनमानी चालणार नाही, आणि राज्यपालाचे विचार केंद्रातल्या नव्या सरकारशी जुळत नाहीत हे हटवण्याचं कारण होऊ शकत नाही.

हे पद म्हणजे ‘निवृत्त पुढाऱ्यांचं विश्रामगृह’ असंही म्हटलं जातं. पण महताब इथून मुख्यमंत्रिपदाकडे गेले, विजयालक्ष्मी पंडित यांनी १९६४ मध्ये मुंबईचं राजभवन सोडून फूलपूरची पोटनिवडणूक लढवली, शंकरदयाळ शर्मा इथून उपराष्ट्रपती आणि मग राष्ट्रपती झाले. पुढचं पद समोर दिसत असताना माणूस तटस्थ कसा राहणार, ही खरी काळजी आहे, विश्रांतीची नव्हे.

सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये म्हटलं की सक्रिय राजकारणात नुकताच वावरलेला माणूस नेमू नये आणि पाच वर्षांची मुदत सहसा मोडू नये. पुंछी आयोगाने २०१० मध्ये त्यापुढे जाऊन सुचवलं की मुदत पक्की करावी आणि राज्यपालाला हटवायचं तर राष्ट्रपतींप्रमाणे महाभियोगाच्या धर्तीवर, विधिमंडळाच्या मार्गाने हटवावं. ही सूचना स्वीकारायला हवी होती. त्या सूचनेला दीड दशक उलटलं, कलम १५६ मध्ये अजूनही ‘मर्जी’ हाच शब्द आहे.