दुसऱ्या सिमची खाच

२००९ च्या आसपास माझ्या मामाच्या पाकिटात एक जादा सिमकार्ड असायचं, वहीच्या चौकटीच्या कागदात घडी घालून ठेवलेलं. फोन एकच, टॉर्चवाला. शेतात एका कंपनीची रेंज यायची, बाजार समितीत दुसरीची. शिवाय दुसरीचा रात्रीचा दर स्वस्त. मामा मार्केटला पोचला की ओट्यावर बसून नखाने मागचं झाकण सरकवायचा, बॅटरी काढायचा, सिम बदलायचा आणि फोन सुरू होईस्तोवर चहा सांगायचा. असे मामा तेव्हा गावोगाव होते. मोबाईलच्या बाजारात कोण चढलं आणि कोण पडलं, याची चर्चा आयफोनपासून सुरू करायची रीत आहे. आपल्याकडची गोष्ट मात्र त्या कागदाच्या घडीतून सुरू होते, असं मला वाटतं.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. भारतातला तो पहिला मोबाईल कॉल. जाळं मोदी टेल्स्ट्राचं, हातातला फोन नोकियाचा. फिनलंडमध्ये १८६५ साली कागदाच्या लगद्याचा कारखाना म्हणून निघालेली, पुढे रबर आणि केबल विकणारी ही कंपनी १९९८ मध्ये मोटोरोलाला मागे टाकून जगातली सर्वांत मोठी मोबाईल उत्पादक झाली. भारतात तर काही वर्षं विकल्या जाणाऱ्या दर दोन फोनांतला किमान एक तिचा होता.

हे नुसत्या जाहिरातीवर झालं नव्हतं. २००३ सालचा नोकिया ११०० हातात घेऊन पाहावा. धूळ आत जाऊ नये म्हणून अख्ख्या कीपॅडवर एकसंध रबरी पापुद्रा, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून कडांना खरखरीतपणा, आणि डोक्यावर टॉर्च. लोडशेडिंगच्या महाराष्ट्रात त्या टॉर्चचं मोल वेगळं सांगायला नको. रात्रीच्या पाळीने पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाने तिच्या उजेडात बांध ओलांडले आहेत. जगभरात या एका मॉडेलचे २५ कोटींहून जास्त नग विकले गेले. २००६ पासून चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरला नोकियाचे फोन बनू लागले. पुढे कंपनीने ‘लाइफ टूल्स’ नावाची सेवा आणली, बाजारभाव आणि हवामान थेट शेतकऱ्याच्या फोनवर देणारी. तिची पहिली चाचणी झाली महाराष्ट्रातच.

म्हणजे गिऱ्हाईक माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. त्याचा घाम, धूळ आणि अंधार यांचा हिशेब फोनमध्ये होता. फक्त त्याच्या पाकिटात दुसरं सिम होतं आणि फोनमध्ये त्याला जागा नव्हती.

का नव्हती? युरोपात तेव्हा फोन बहुतेक वेळा मोबाईल सेवा देणारी कंपनीच विकायची, हप्त्यात किंवा सवलतीत. आपण सवलत दिलेल्या फोनमध्ये प्रतिस्पर्ध्याचं सिम बसावं, हे तिला कसं रुचेल? आपल्याकडे फोन एका दुकानातून घ्यायचा, सिम टपरीवरून, आणि स्कीम बदलली की सिमही बदलायचं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा देशभर मिळाली ती २० जानेवारी २०११ ला. त्याआधी २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा दर लावून स्वस्ताईची चढाओढ पेटवली होती. दुसरं सिम ही तेव्हा चैन नव्हती, काटकसर होती. युरोपची सवय अंगात मुरलेल्या कंपनीला ही काटकसर वेळेत दिसली नाही, असा माझा तर्क आहे.

इकडे चीनच्या शेन्झेनमध्ये वेगळंच चाललं होतं. तैवानची मीडियाटेक ही कंपनी चिपसोबत फोनचा जवळजवळ पूर्ण आराखडाच द्यायची. संशोधन विभाग नसलेल्या माणसालाही त्यावर फोन बनवता येई. दोन सिम, दोन स्पीकर, एफएम, नावाला कॅमेरा. आपण त्याला ‘चायना मोबाईल’ म्हणून हसलो आणि लग्नाच्या वरातीत त्याचंच गाणं वाजवलं. यातल्या अनेक फोनांना धड आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख सांगणारा, क्रमांकही नव्हता, आणि १ डिसेंबर २००९ पासून सरकारने असे फोन बंद पाडायला लावले. माल गेला, चटक राहिली. त्या रिकाम्या जागेत नीट क्रमांक आणि बिल असलेले देशी ब्रँड शिरले.

त्यांतला सर्वांत धीट मायक्रोमॅक्स. गुडगावच्या चार मित्रांची ही कंपनी २००८ मध्ये फोनच्या धंद्यात उतरली. संस्थापकांपैकी राहुल शर्मा एक गोष्ट सांगत आले आहेत: बंगालमध्ये बहरमपूरला त्यांनी ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पीसीओ पाहिला, मालक ती बॅटरी रोज सायकलवरून चार्जिंगला नेणारा. त्यातून निघाला एक्स१आय, एका चार्जिंगमध्ये महिनाभर तग धरण्याचा दावा करणारा. उद्योगपतींच्या अशा गोष्टींना सांगता सांगता थोडी कल्हई होतेच. पण फोन खरा होता आणि खपला. त्यामागोमाग दोन सिमचे फोन आले.

नोकियाचं उत्तर आलं २०१० च्या जूनमध्ये, सी१-०० या फोनच्या रूपात. त्यात सिम दोन बसायची, पण एका वेळी जागं एकच. दुसरं हवं असेल तर एक बटण दाबून धरायचं. मामाच्या नखाचं काम बटणाकडे आलं, एवढाच फरक. दोन्ही सिम एकदम चालू ठेवणारे नोकिया २०११ मध्ये दुकानांत आले, तोवर गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेलं पत्र जगभर गाजलं. समुद्रातल्या पेटत्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा दृष्टान्त सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच पत्रात शेन्झेन आणि मीडियाटेक यांवर एक अख्खा परिच्छेद आहे, तो फारसा कुणी काढत नाही. आपण सादरीकरणाच्या स्लाइडला पॉलिश करेपर्यंत चिनी कारखाने फोन बाहेर काढतात, असा एका कर्मचाऱ्याचा अर्धा विनोदही एलॉप यांनी पत्रात दिला आहे. आयफोनने नोकियाचं छप्पर उडवलं हे खरंच; पण पाया खालून पोखरला जात होता, हे नोकियाच्या मुख्यालयातही कळलं होतं. पुढचं सर्वश्रुत आहे. विंडोजवर लावलेला डाव फसला आणि एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. कराच्या वादात अडकलेला श्रीपेरुंबुदुरचा कारखाना विक्रीतून वगळावा लागला आणि त्याच वर्षी तिथलं उत्पादन थांबलं.

मायक्रोमॅक्सचं तेव्हा शिखर होतं. २०१३ मध्ये ह्यू जॅकमन त्यांच्या जाहिरातीत झळकला. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत, कॅनालिस या बाजारसंशोधन संस्थेच्या हिशेबाने, भारतातल्या स्मार्टफोनमध्ये त्यांचा वाटा २२ टक्के आणि सॅमसंगचा २० टक्के होता.

आणि मग तीच चूक, दुसऱ्या पत्त्यावर. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. त्याचं जाळं निव्वळ ४जी. ३जी फोनमध्ये ते सिम घालून उपयोग शून्य. स्वस्त ३जी फोनांवर उभ्या राहिलेल्या देशी कंपन्यांची तारांबळ उडाली. शाओमी, ओप्पो, विवो यांची तयारी मात्र घरच्या बाजारात झालेली होती. चीनमध्ये ४जी आधीच रुजलं होतं. शाओमी ऑनलाइन झटपट विक्रीतून आली. ओप्पो आणि विवो हिरव्या-निळ्या पाट्या घेऊन तालुक्याच्या दुकानांवर चढले. आमच्या बाजारपेठेत तर दुकानाचं नाव बारीक आणि फोनचं ठळक झालं. ज्यांच्याकडून तयार आराखडे घेऊन मायक्रोमॅक्स मोठी झाली, त्याच मुलखातले लोक आता मधला माणूस वगळून स्वतःच्या नावाने विकू लागले होते. २०१७ च्या अखेरीस शाओमीने सॅमसंगलाही मागे टाकलं. मायक्रोमॅक्सने २०२० मध्ये ‘इन’ नावाने पुन्हा बाजारात उतरून पाहिलं. पहिला क्रमांक काही परत आला नाही.

मामाने २०११ मध्येच दोन सिमचा फोन घेतला. टॉर्चवाला फोन त्याने टाकला नाही. गोठ्याच्या खुंटीला अडकवून ठेवला.

सप्टेंबर २०१८ मध्ये ॲपलने आयफोनमध्ये पहिल्यांदा दुसऱ्या सिमची सोय केली. चीनमधल्या गिऱ्हाइकांसाठी त्यातल्या काही मॉडेलांत दोन्ही सिम खरीखुरी बसतात, एकाच ट्रेमध्ये पाठीला पाठ लावून.