राजा व्हायचंय, पण अंगरखा कुणाचा?

नवी मुंबईतल्या उलव्यात गणपती, नवरात्र आणि शाळांचं गॅदरिंग हे भाड्याच्या पोशाखांचे मोसम. सेक्टरांतल्या नव्या इमारतींत कुणी साताऱ्याहून आलेलं, कुणी जळगावहून, कुणी थेट बिहारमधून. शेजाऱ्याची नीट ओळख व्हायच्या आत दोघांची पोरं स्टेजवर शेजारी शेजारी उभी असतात, एक शिवाजी आणि एक परी. अलीकडे ही हौस मोठ्यांनाही लागली आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये एखाद्या शनिवारी 'थीम' ठरते, राजेराण्या आणि परीकथा. मग आयुष्यात कधी सोंग न घेतलेला चाळिशीतला गृहस्थ व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, "मी काय होऊ?" तो इतिहासाची पुस्तकं उघडायला निघाला तर त्याला वेळीच थांबवावं. आपल्याकडे जुना काळ अंगावर चढवायची सोय पुस्तकांनी केलेली नाही, ती कपडेपटाने केली आहे.

नाटक कंपनीच्या ट्रंका, त्यांतले शेले, मुकुट, मिशा आणि ते सगळं तोंडपाठ असणारा माणूस, एवढा संसार कपडेपटाचा. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 1843मध्ये 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षस आरडाओरडा करत तलवारी परजत येत. त्या गोंधळावरून लोकांनी या नाटकांना 'अललडुर्र' असं नावच पाडलं. पण देव कोणता, राजा कोणता आणि राक्षस कोणता, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही एका नजरेत कळायचं ते पोशाखावरून. भाड्याचा पोशाख आजही याच हिशेबाने शिवतात. तो लांबून ओळखू यायला हवा, जवळून खरा नसला तरी चालतो.

याला मोठा अपवाद बालगंधर्वांचा. 1913मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत शालू अस्सल, अत्तर अस्सल. त्यांचं नेसणं, अंबाडा, दागिने पाहून घरंदाज बायका तशा सजू लागल्या. पुरुषाने बाईचं सोंग घ्यावं आणि बायकांनी त्या सोंगाची नक्कल करावी, हे मला आजही थक्क करतं. या अस्सलपणाचा खर्च कंपनीच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. पुढे 2011मध्ये त्यांच्यावर 'बालगंधर्व' चित्रपट आला, तेव्हा वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार नीता लुल्ला यांना आणि रंगभूषेचा विक्रम गायकवाड यांना मिळाला.

आता दुकानातला 'शिवाजी सेट' हातात घेऊन बघा. जिरेटोप पुठ्ठ्याचा, त्यावर मखमल डकवलेली, मोत्यांची लड डिंकाने चिकटवलेली आणि हनुवटीखाली इलॅस्टिक. अंगरख्याला बंद आहेत, पण शोभेपुरते. खरं काम आतल्या वेल्क्रोचं. उलटा करून पाहिला तर अस्तरावर मार्करने लिहिलेले नंबर, एक खोडून दुसरा, दुसरा खोडून तिसरा. किती जणांचं राज्य त्यात येऊन गेलं असेल! हा थाट आपल्या डोळ्यांत पक्का बसवला तो नाटक-सिनेमांनी. भालजी पेंढारकरांच्या 1952च्या 'छत्रपति शिवाजी'मध्ये चंद्रकांत उभे राहिले त्याचा त्यात मोठा वाटा. ब्रिटिश म्युझियममध्ये 1680च्या दशकातलं महाराजांचं दख्खनी चित्र आहे. त्यात तुरा लावलेली पगडी आणि पायघोळ जामा आहे. तो जामा घालून सोसायटीत गेलात तर तुम्हाला कुणी ओळखणार नाही. ऐतिहासिक अचूकतेचा हट्ट असेल तर ही किंमत मोजायची तयारी ठेवावी.

परीकथेच्या बाजूला गेलात तर नवख्याची चैन आहे. पाठीवर तारेचे पंख आणि हातात चांदणीची काठी घेतलेली परी इंग्रजी चित्रपुस्तकांतून आपल्याकडे उतरली, ती लहान मुलींनाच शोभते. मोठ्यांनी मराठी बालनाट्याकडे वळावं. 1959मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढलं आणि रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'ने सुरुवात केली. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण एकेकाळी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. 2018मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. पहिल्यांदा सोंग घेणाऱ्याला माझा सल्ला हाच, चेटकीण व्हा. माप चुकत नाही, पदर सुटला तरी तो अभिनय ठरतो, आणि कुठल्याही काळाची चूक तुमच्या माथी कुणी मारू शकत नाही.

सिंड्रेलाच व्हायचं असेल तरी हरकत नाही. शार्ल पेरोने 1697मध्ये छापलेल्या तिच्या गोष्टीत भोपळ्याची बग्गी होते. पण आपल्या गोष्टीतली म्हातारी जंगलातून भोपळ्यातच बसून येते, तिला बग्गी लागत नाही, राजपुत्रही लागत नाही, आणि वाटेत वाघाला गुंगारा देते ती निराळीच. नारिंगी कापडाचा घेर, पांढरा विग आणि काठी. जोडप्याने जायचं असेल तर नवऱ्याला वाघ करावं.

अशा मेजवान्यांचा विलायतेतला थाट मोठा होता. 2 जुलै 1897ला लंडनच्या डेव्हनशायर हाऊसमधल्या नाचाला सातशेच्या आसपास पाहुणे होते आणि पोशाख 1815च्या आधीचा हवा अशी अट होती. आजच्या ऐतिहासिक नाचांत असा जाच फारसा नसतो. एक जण पुढे उभा राहून पावलं ओरडून सांगतो, बाकीचे समोरासमोरच्या दोन रांगांत ती टाकत जातात, चुकलं तर हसतात. नवख्याला यात अवघड असं काही नाही. आपण मात्र फुगडी घालावी. शिवलेल्या नऊवारीत ती जमते, घेरदार गाऊनमध्ये पडायला होतं.

राहता राहिली ती उलव्याची गोष्ट. 2018मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, 2024च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, शेजारी विमानतळ उभा राहिला. या सगळ्याच्या मधे गव्हाण, मोरावे, न्हावा ही आगरी-कोळी वस्तीची गावं जिथल्या तिथे आहेत. फॅन्सी ड्रेसच्या दुकानात 'कोळी सेट' मिळतो, चकचकीत सॅटिनचा, लाल टोपी आणि प्लास्टिकच्या माशासकट. सेक्टरातली आई तो भाड्याने आणते. तिथून रिक्षाच्या अंतरावर एखाद्या आजीच्या ट्रंकेत अस्सल लुगडं, चोळी आणि फडकी घडी करून ठेवलेली असते. ऐतिहासिक वेश म्हणून तो काढायचं गावातल्या कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण आजीच्या लेखी तो वेश नाही, लग्नाकार्याचे कपडे आहेत. तिला विचारून, तिच्याच हातून नेसून घेतलं तर मिळतीलही. शेजारच्या उरण तालुक्याला तर चिरनेरचा 1930चा जंगल सत्याग्रह आहे. धोतर, सदरा आणि खांद्यावर कोयता घेतलेला शेतकरी कुठल्याही राजाइतकाच ऐतिहासिक आहे, आणि त्याला डिपॉझिट पडत नाही.

दुकानातूनच आणायचं ठरलं तर दोन दिवस आधी जा, पोशाख घालून तिथेच खाली बसून बघा. राजे उभ्याने छान दिसतात आणि जेवायला बसताना उसवतात. सेफ्टी पिना घरून न्या. मिशी स्पिरिट गमने लावून घेतली असेल तर ती ओढून काढू नका, खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा. आणि अंगरख्याच्या गळ्याला कुंकू किंवा पावडर लागलीच, तर परत करताना आपण होऊन सांगा, कारण डिपॉझिट परत देण्याआधी दुकानदार गळाच उलटा करून बघतो.