दाबाखालची ठिणगी

इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरणारा टर्बो सिलिंडरांत नेहमींपेक्षां अधिक हवा कोंबतो. शक्ति वाढते, परंतु ठिणगीचें काम अवघड होतें. १८८९ सालीं जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनीं दाखवून दिलें कीं, ठिणगी पडण्यास लागणारा विद्युद्दाब हा वायूचा दाब व दोन टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. दाब वाढला आणि कॉइल जुनीच राहिली, तर ऐन भरांत ठिणगी चुकते व गाडी गचके देते. म्हणून ०.८ मिलिमीटरची फट ०.६ च्या आसपास आणतात. ती फारच कमी केली, तर ठिणगी दुबळी होऊन मंद गतींत इंजिन अडखळतें.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. प्लगचें टोक सुमारें ४५० अंश सेंटिग्रेडच्या खालीं राहिलें, तर त्यावर काजळी धरते. ९०० च्या वर गेलें, तर तेंच निखारा बनून ठिणगीपूर्वीं मिश्रण पेटवितें, आणि पिस्टनला भोंक पडूं शकतें. ज्या प्लगचें पांढरें नाक आंखूड, त्याची उष्णता लवकर धातूंत उतरते; वाढत्या दाबाला असा ‘थंड’ प्लग हवा. क्रमांक मात्र जपून वाचावा: एनजीकेचा आंकडा वाढला कीं प्लग थंड, बॉशचा वाढला कीं उष्ण. दुसऱ्याच्या गाडीचा आंकडा उसना घेऊं नये.