बारा की दोन?

काल चुरुचुरु दूध ओढणारं बाळ आज स्तन तोंडात धरत नाही. रडणं क्षीण, हातपाय ढिले, अंग गार. गडचिरोलीच्या खेड्यातली आरोग्यदूत बाई बाळाला झोळीत घालून वजन करते, थर्मामीटर लावते, छातीकडे बघत श्वास मोजते आणि सगळं तक्त्यात भरते. जंतुसंसर्गाची लक्षणं जुळली, तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही तीच देते.

गावातल्या बाईने नवजात बाळाला सुई टोचायची? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेला या प्रश्नाचं उत्तर आकड्यांनीच द्यावं लागणार होतं. ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उपचार सुरू होण्याआधी जंतुसंसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के, म्हणजे २७ दगावली होती. उपचार मिळालेल्या ७१ पैकी २.८ टक्के, म्हणजे दोन.

आता आधी संशय घेणाऱ्याची बाजू धरायची. इंजेक्शनने काहीच फरक पडत नाही असं मानायचं. हीच शून्य परिकल्पना. ती खरी असती तर ७१ पैकी बाराएक बाळं जायला हवी होती. पण लहान संख्येत योगायोग मोठा खेळ करतो, म्हणून कागद-पेन्सिल घ्यायची. दोन्ही गट मिळून २३४ बाळं, २९ मृत्यू, म्हणजे १२.४ टक्के. या दराने दोन गटांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणारा साधारण चढउतार, येते सुमारे ४.७ टक्के. प्रत्यक्षातला फरक १३.८, जवळपास तिप्पट. उपचार निरुपयोगी असता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, म्हणजे पी-मूल्य, हजारात तीनच्या आसपास.

योगायोग मागे पडला. पण त्याच काळात दुसरंच काही बदललं असेल तर?

त्यासाठी शेजारची गावं कामी आली. ३९ गावांत घरोघरी सेवा, ४७ गावांत केवळ नोंदी. सुरुवातीला नवजात मृत्युदर हजारी ६२ आणि ५८, म्हणजे जवळपास सारखा. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांतला बदल वजा करूनही, सेवेच्या गावांत तो ६२.२ टक्क्यांनी घटलेला होता. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, ही मर्यादा मात्र राहतेच. पी-मूल्य कितीही लहान आलं तरी ती भरून निघत नाही.

शिवाय फरक खरा आहे एवढ्यावर सरकारने पैसा खर्च करावा असं होत नाही. फरक केवढा आणि किती खर्चात, हेही कळावं लागतं. दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर आणि दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळलेला, हा हिशेबही त्याच लेखात होता. धोरण ठरवणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची ओळ हीच.

अशीच घरोघरची सेवा पुढे सरकारी धोरणात आली: २०११पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, नवजात बाळाच्या घरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी; घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवसापासून.