हॉटेलचं बुकिंग नाही म्हणून विमानात बसू देत नाहीत?

‘हॉटेलचं बुकिंग दाखवल्याशिवाय विमानात बसूच देत नाहीत.’ मुलीकडे किंवा मुलाकडे पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आईवडिलांना हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. कधी ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, कधी सोसायटीतले अनुभवी काका सांगतात, आणि बऱ्याचदा खुद्द एजंट सांगतो. मग तोच थोडे जास्तीचे पैसे घेऊन ‘डमी बुकिंग’ काढून द्यायला तयार असतो. मुलीच्या घराचा खरा पत्ता हाताशी असताना ही माणसं खोटा कागद घेऊन विमानतळावर जातात. हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

आधी हे पाहू, की कोण काय विचारतं. व्हिसा देणारा दूतावास, तिकीट देणारी विमान कंपनी आणि उतरल्यावर शिक्का मारणारा इमिग्रेशन अधिकारी ही तीन वेगळी माणसं आहेत आणि त्यांच्या काळज्याही वेगळ्या आहेत. चेक-इन काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला तुम्ही कुठे झोपणार याच्याशी सहसा काही देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर टिमॅटिक नावाची यंत्रणा असते. तुमचं नागरिकत्व आणि जायचा देश टाकला, की तिथे शिरायला कोणते कागद लागतात ते ती दाखवते. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर कंपनीला त्याला परत आणावं लागतं, शिवाय दंड होतो. युरोपात हा दंड एका प्रवाशामागे हजारो युरोंचा असू शकतो, २००१ पासून तसा निर्देशच आहे. म्हणून पासपोर्ट आणि व्हिसा बारकाईने पाहिला जातो. व्हिसा हातात असलेल्या आजीआजोबांना केवळ हॉटेलची पावती नाही म्हणून काउंटरवरून परत पाठवावं, असा सरसकट नियम नाही.

मग या समजुतीत खरं काहीच नाही का? आहे, आणि तेही सांगायला हवं. जिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही किंवा तो उतरल्यावर मिळतो, तिथे आधीची छाननी झालेलीच नसते. त्यामुळे परतीचं तिकीट, पैसे आणि राहण्याची जागा यांची विचारणा विमानतळावरच होऊ शकते. एकट्या तरुण प्रवाशाला तर आपल्याकडचे इमिग्रेशन अधिकारीही विचारतात. त्याला सबळ कारण आहे. नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानाने परत आणावं लागलं. अशा वेळी ‘कुठे राहणार?’ या प्रश्नाचा त्रास वाटून घेऊ नये. त्याचं उत्तर खरं असावं एवढंच.

राहण्याच्या पुराव्याची खरी जागा बहुतेकदा व्हिसाचा अर्ज ही असते. युरोपातल्या शेंगेन देशांचे नियम २००९ च्या व्हिसा संहितेत आहेत. तिच्या चौदाव्या कलमात निवासाची कागदपत्रं, किंवा निवासाचा खर्च भागेल इतके पैसे असल्याचा पुरावा, असं म्हटलंय. ‘हॉटेलच हवं’ असं त्यात कुठेही नाही. उलट, खासगी घरी राहणाऱ्यांसाठी प्रत्येक देशाला स्वतःचा अर्जनमुना ठरवता येतो, याची सोय त्याच कलमात आहे. फ्रान्समध्ये राहणारी मुलगी आपल्या भागातल्या नगरपालिकेत जाऊन ‘अतेस्तासियों दाक्कय’ हा यजमानपणाचा दाखला काढते. जर्मनीतला मुलगा तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन आईवडिलांचा खर्च उचलण्याची कायदेशीर हमी देतो आणि सोबत आपल्या पत्त्याचं निमंत्रण पाठवतो. दुबईच्या पर्यटक व्हिसासाठी २०२४ च्या अखेरीस हॉटेल बुकिंग आणि परतीचं तिकीट कडकपणे मागायला लागले, तेव्हा इथे बरीच घबराट झाली. तिथेही नातेवाइकाकडे उतरणाऱ्याला यजमानाचा घरभाडेकरार आणि एमिरेट्स आयडी देण्याचा मार्ग होताच.

सांगा आता, एवढी सरळ वाट असताना डमी बुकिंग कशासाठी? आणि ते निरुपद्रवीही नाही. समजा, अर्जाला पॅरिसच्या हॉटेलचा कागद जोडलाय. उतरल्यावर अधिकारी विचारतो, ‘कुठे राहणार?’ वडील सरळ मनाने सांगतात, ‘मुलीकडे.’ कागद एक बोलतो आणि माणूस दुसरंच. अधिकाऱ्याने हॉटेलला फोन केला आणि त्या नावाची नोंदच सापडली नाही, तर पुढचं सगळं बोलणं संशयाने सुरू होतं. शेंगेन व्हिसा नाकारल्याची नोंद त्यांच्या यंत्रणेत पाच वर्षं राहते. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केल्याचं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं. अमेरिकेत व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर कायमची बंदी येऊ शकते. एजंटला यातलं काही भोगावं लागत नाही. सही अर्जदाराची असते.

रद्द करता येणारं खरं बुकिंग मात्र वेगळं. हॉटेलच्या नोंदीत तुमचं नाव आहे आणि तुम्ही तिथेच राहणार आहात, तर त्यात गैर काही नाही. पुढे बेत बदलला तर नवा पत्ता जवळ ठेवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘ब्रिटनच्या अर्जाला हॉटेल बुकिंग जोडलं की वजन पडतं’: ब्रिटिश सरकारच्याच मार्गदर्शिकेत पर्यटक अर्जासाठी फारशा उपयोगी नसलेल्या कागदांच्या यादीत हॉटेल आणि विमानाचं बुकिंग आहे. ‘अमेरिकेला काहीच विचारत नाहीत’: बुकिंग मागत नाहीत, पण राहण्याचा पत्ता अर्जात लागतो आणि विमान कंपनीलाही द्यावा लागतो, तेव्हा मुलाच्या घराचा पत्ता झिप कोडसकट कागदावर लिहून घ्या, ऐनवेळी फोन बंद पडला तरी अडणार नाही. ‘व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश पक्का’: नाही, नुसत्या व्हिसाने प्रवेशाचा हक्क मिळत नाही, असं शेंगेन व्हिसा संहितेचं तिसावं कलम स्पष्ट सांगतं, म्हणून यजमानाचा दाखला आणि विम्याचा कागद सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवायचा. ‘थायलंडच्या डिजिटल अरायव्हल कार्डाला शुल्क लागतं’: १ मे २०२५ पासून हे कार्ड भरावं लागतं आणि त्यात राहण्याचा पत्ताही विचारतात, पण सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर तिथे पासपोर्टचा क्रमांक टाकू नका.