तापणारा ट्रॅक्टर

पातुराकडील उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मृगापूर्वीं मशागत करतांना जुना लहान ट्रॅक्टर तापूं लागला व त्याचें बळ घटलें, म्हणजे पुष्कळांस इंजिन खोलण्याचेंच सुचतें. आणि तो खर्च बियाण्याच्या पैशांतून जातो. तत्पूर्वीं क्रमानें परीक्षा करणें हितकर होय.

रूडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं यशस्वी केलेल्या या इंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंतच तेल पेट घेतें. हवा अपुरी पडली कीं तेल पुरतें जळत नाहीं, शक्ति घटते व काळा धूर निघतो. म्हणून प्रथम हवेची गाळणी पाहावी. काळा धूर नसतां बळ कमी असेल, तर डिझेलची गाळणी तुंबल्याचा संभव असतो. नंतर रेडिएटरच्या जाळींत अडकलेलें कुटार काढावें, पंख्याचा पट्टा सैल नाहीं ना हें पाहावें व पाणी तपासावें. मात्र इंजिन निवाल्यावांचून झांकण कदापि उघडूं नये; उकळतें पाणी अंगावर उसळतें. शेवटीं चाकें मोकळीं फिरतात कीं नाहीं हें पाहावें. ब्रेक घासत असल्यास बळ व्यर्थ जाऊन इंजिन तापतें.

इतकें करूनही दोष उरला, तरच कारागीर बोलवावा. निदानावांचून शस्त्रक्रिया जशी अविचाराची, तसेंच हेंही समजावें.